वाखाचा वनवास

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी कोलशेतच्या विसर्जन घाटावर गेले, की चिखलात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे अवशेष दिसतात. त्यातला एखादा तुकडा उचलून पाहण्यासारखा असतो. हात मनगटापाशी मोडलेला, भेग आरपार गेलेली, तरी पंजा गळून पडलेला नाही. भेगेच्या दोन काठांमध्ये तपकिरी काथ्याचे धागे ताणलेले असतात आणि पंजा त्यांच्यावर लोंबकळत असतो. मूर्तीच्या कारखान्यात साच्यात प्लास्टर ओतल्यावर कारागीर नारळाचा काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून आतल्या बाजूने लावतो, तो याचसाठी. नुसते प्लास्टर खडूसारखे मोडते. काथ्या असला की मोडते, पण सुटत नाही.

खाडीत जवळच होड्या बांधलेल्या असतात. लाकडी होड्या आता कमीच, बहुतेक ‘फायबरच्या’. अशा होडीच्या झिजलेल्या काठावरून हात फिरवला तर बारीक कुसळे टोचतात आणि संध्याकाळपर्यंत खाज जात नाही. ते कुसळ काचेचे. आपण ‘फायबर’ म्हणतो तेव्हा काचेचा धागा आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा तो थर असतो.

म्हणजे मूर्तीत नारळ आणि होडीत काच. दोघांचे काम एकच, ठिसूळ वस्तूला धरून ठेवायचे. मग होडीत नारळ का नाही? ताग का नाही, अंबाडी का नाही? आपल्याकडे घायपाताचा आणि अंबाडीचा वाख पिढ्यान्‌पिढ्या दोरखंडाला वापरला गेला, बैलाच्या वेसणीपासून मोटेच्या नाड्यापर्यंत. प्लास्टिकच्या जगात या वाखाला जागा मिळाली होती. विमानात मिळाली, मोटारीत मिळाली, टायरमध्ये तर पन्नासेक वर्षे मिळाली. मग तो हद्दपार झाला आणि आता मागच्या दाराने परत येतो आहे. ही गोष्ट निम्मी परदेशात घडली, पण तिचा एक धागा कल्याणच्या मोहोने-शहाडमधून जातो आणि एक थेट कोलशेत रस्त्यावरून.

सुरुवात ठिसूळपणापासूनच झाली. १९०७ साली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी लिओ बेकलंड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांना उष्णता आणि दाब देऊन एक घट्ट, न वितळणारा पदार्थ बनवला. तेच बॅकेलाइट. वीज त्यातून जात नव्हती, उष्णतेने ते मऊ होत नव्हते. दोष एवढाच, की नुसते रेझिन आपटले की फुटे. बेकलंडने त्यात लाकडाचे पीठ मिसळले. कुकरची काळी मूठ कधी तुटली असेल तर आत पाहा. वरची काळी चकाकी नखाइतक्या थरापुरती, आत रवाळ, भुशासारखे. तो भुसाच असतो. त्यामुळे रेझिन स्वस्त पडते, गार होताना कमी आक्रसते आणि भेगा कमी पडतात.

पण पीठ आणि धागा यांत फरक आहे, आणि पुढचा सगळा इतिहास या फरकावर उभा आहे. गवताच्या आवळून बांधलेल्या पेंढीतून आखूड काडी ओढली तर सहज निघून येते. लांब काडी निघत नाही, मध्येच तुटते. रेझिनमध्येही तेच. आखूड कणाला रेझिनची पकड पुरेशी मिळत नाही. ताण आला की तो नुसता सुटतो. लांब धाग्यावर रेझिनची पकड जागोजागी साठत जाते आणि शेवटी धाग्याची सगळी ताकद कामाला येते. म्हणून भुसा भरला तर प्लास्टिक भरले जाते, धागा घातला तर ते बळकट होते.

१९१३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी कापड आणि कागद अशा रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर रचून दाबून काढायला सुरुवात केली. विजेच्या उपकरणांत तोवर अभ्रक वापरत. इंग्रजीत अभ्रक म्हणजे मायका, आणि हा माल ‘मायकाऐवजी’, म्हणून कंपनीचे नाव फॉर्मायका पडले. थोड्याच वर्षांत सुती कापडाच्या अशा चिपेपासून मोटारींच्या इंजिनातले गिअर कापले जाऊ लागले. लोखंडी गिअरचा खडखडाट त्यात नव्हता. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये अशा चिपेला ‘हायलम’ म्हणतात आणि जेवणाच्या टेबलावर तिची धाकटी बहीण असते, सनमायका. खाली रेझिन प्यायलेल्या तपकिरी कागदाचे थर, वर नक्षीचा एक कागद. कागद म्हणजे लाकडाचा तंतू. चार पिढ्या आपण वनस्पतीच्या तंतूने बळकट केलेल्या प्लास्टिकवर ताट ठेवून जेवतो आहोत, आणि त्याला कोणी संशोधन म्हणत नाही.

या साहित्यावर उडायचे स्वप्न पाहिले ते नॉर्मन डी ब्रुइन यांनी. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले हे पदार्थवैज्ञानिक हौसेने विमान चालवायला शिकले आणि मग विमान बांधायलाच लागले. १९३०च्या दशकात डक्सफर्ड इथे त्यांनी छोटी कंपनी काढली, एअरो रिसर्च. त्या काळचे विमान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट. प्रत्येक रिव्हेटचे भोक ही भेगेला आमंत्रण देणारी जागा. डी ब्रुइन यांनी १९३७ साली रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे विमानासाठी प्लास्टिक वापरता येईल का, यावर व्याख्यान दिले. त्यांनी मांडलेला हिशेब आजही कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्याच वळणाने मांडला जातो: ताकद आणि ताठपणा नुसता मोजू नका, वजनाने भागून मोजा.

ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती ओझ्याला तुटेल ही ताकद; त्याच ओझ्याखाली किती ताणेल, किती वाकेल, हा ताठपणा. तागाचा एक चौरस मिलिमीटर छेदाचा जुडगा घेतला तर चांगल्या प्रतीचा असल्यास तो साधारण ५० किलो पेलतो. म्हणजे तांदळाचे एक पोते. काचेचा तेवढाच जुडगा २०० किलोच्याही वर जातो. इथे काच सरळ जिंकते. ताठपणात मात्र हिशेब बदलतो. काचेचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास. लिननचा धागा ज्या जवसाच्या खोडातून निघतो, त्याचा उत्तम तंतू ५० ते ७०पर्यंत जातो. आणि घनता? काचेची अडीच, जवसाची दीड. वजनाने भागले की जवस काचेच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. विमानाचा पंख तुटण्याआधी वाकून निकामी होतो, त्यामुळे तिथे ताठपणाच मोलाचा.

जवसात हा ताठपणा येतो तो सेल्युलोजच्या मांडणीतून. वनस्पतीच्या तंतूत सेल्युलोजच्या सूक्ष्म तारा मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. जवसात आणि तागात त्या जवळजवळ सरळ उभ्या, म्हणून ते ताठ. काथ्यात त्या तिरक्या, स्प्रिंगसारख्या. काथ्या ओढला की आधी स्प्रिंग उलगडते, मग धागा ताणतो; तुटेपर्यंत तो आपल्या लांबीच्या १५ ते ३० टक्के लांबतो. ताग दोन टक्केही लांबत नाही. काथ्याची ताकद तागाच्या निम्मीही नाही, तरी मूर्तीच्या हाताला तोच बरा, कारण तिथे ताठपणा नको, धक्का गिळायला हवा. पेणच्या कारागिराने ही निवड गिगापास्कल न मोजता केली.

डी ब्रुइन आणि माल्कम गॉर्डन यांनी जवसाचे न धुतलेले सूत समांतर ठेवून फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवले आणि तापत्या दाबयंत्रात दाबले. ‘गॉर्डन एअरोलाइट’ असे त्याचे नाव ठेवले गेले. धाग्याच्या दिशेने ताणले तर वजनामागे ते विमानाच्या ड्युराल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तोडीला उतरत होते आणि घनता जवळपास निम्मी होती. एवढ्यात युद्ध पेटले. १९४०मध्ये ब्रिटनला भीती होती ती अ‍ॅल्युमिनियम संपण्याची. बॉक्साइट समुद्रापलीकडून यायचे आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या. या धास्तीपोटी स्पिटफायर या लढाऊ विमानाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमऐवजी गॉर्डन एअरोलाइटचा बनवून पाहण्यात आला. जवसाच्या दोऱ्याचे स्पिटफायर! चाचण्यांत ते अगदी निकामी ठरले असे नाही. पण अ‍ॅल्युमिनियम काही संपले नाही आणि प्रयोग प्रयोगापुरताच राहिला.

त्यात एक गंमतही होती. अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होईल म्हणून जवस शोधला, तर जवसच टंचाईत गेला. ब्रिटनचा जवस बेल्जियम आणि रशिया-बाल्टिक पट्ट्यातून येत असे, आणि १९४०नंतर त्या वाटा बंद झाल्या. शिवाय फिनॉलचे रेझिन घट्ट होताना पाण्याची वाफ सोडते. ती दाबून ठेवायला प्रचंड दाबयंत्रे लागतात. विमानाचा पंख मावेल एवढे दाबयंत्र म्हणजे एक कारखानाच.

डी ब्रुइन मग गोंदाकडे वळले. धातूला धातू चिकटवणारा त्यांचा रेडक्स गोंद १९४१ साली आला आणि रिव्हेटचा प्रश्न त्यांनी त्या बाजूने सोडवला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस एअरो रिसर्च ही कंपनी स्वित्झर्लंडच्या सीबाने घेतली, आपल्या घराघरांतल्या अ‍ॅराल्डाइटची तीच सीबा. पुढे सीबा-गायगी झालेली ही कंपनी १९९६ साली सँडोझमध्ये मिसळून नोव्हार्टिस झाली. आणि सँडोझचा रसायनांचा कारखाना होता कोलशेत रस्त्यावर. ‘सँडोझ बाग’ हा पत्ता ठाणेकर अजूनही सांगतात. या वंशावळीतून कोलशेतला स्पिटफायर बनत होते असे कोणी समजू नये. पण प्लास्टिकचा इतिहास शोधायला निघाले की आपल्या गल्लीतले गेट असे अवचित समोर येते.

युद्धाच्या त्याच वर्षांत अमेरिकेत हेन्री फोर्डने आणखी मोठा देखावा उभा केला. १३ ऑगस्ट १९४१ रोजी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या जत्रेत त्याने पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लास्टिकचे १४ पत्रे चढवलेली मोटार लोकांपुढे ठेवली. वजन नेहमीच्या गाडीपेक्षा हजारेक पौंडांनी कमी. त्याआधी त्याने स्वतःच्या गाडीच्या डिकीच्या प्लास्टिक झाकणावर कुऱ्हाड घालून दाखवली होती, आणि तो फोटो जगभर गेला. त्या पत्र्यात नक्की काय होते यावर तेव्हाच्या बातम्या आणि नंतरच्या आठवणी जुळत नाहीत. कोणी सोयाबीन म्हणते, कोणी गहू, भांगेचा वाख, जवस. गाडी नष्ट केली गेली, कृती सापडली नाही. शेतकऱ्याचा माल कारखान्यात जावा हा फोर्डचा हेतू खरा असेल, पण हे प्रकरण मला इतिहासापेक्षा जाहिरातीचे वाटते.

खरा, रोजचा, लाखो टनांचा व्यवहार टायरमध्ये चालू होता. रबर हाही एक प्रकारचा रेझिनच म्हणायला हरकत नाही. नुसत्या रबराचा टायर हवा भरताच फुग्यासारखा फुगेल. त्याला आकार देतो तो आतला दोरा. पहिल्या टायरांत सुती कॅनव्हास असे. विणलेल्या कापडात आडवे-उभे धागे एकमेकांवर घासून झिजत, म्हणून पुढे नुसते समांतर दोरे रबरात बसवायची पद्धत आली. सुताचा एक गुण असा, की त्याच्या पृष्ठभागावर केस असतात. रबर त्यांत शिरून बसते आणि पकड आपोआप मिळते. आणि एक दोष असा, की सूत ओले असताना बळकट, कोरडे आणि गरम झाले की कमजोर. वेगाने धावणाऱ्या टायरइतके कोरडे आणि गरम दुसरे काय असते?

म्हणून १९३०च्या दशकाच्या मध्यापासून रेयॉन आले. लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून, बारीक भोकांतून दाबून काढलेला धागा. मूळ वनस्पतीचेच, पण लांबी हवी तेवढी, जाडी सगळीकडे एक. उष्णतेत सुतापेक्षा किती तरी सरस. युद्धात नैसर्गिक रबर तुटले आणि कृत्रिम रबर आले, ते जास्त तापायचे, तेव्हा तर अमेरिकेने रेयॉनच्या टायर-दोऱ्याचे कारखाने धडाक्याने वाढवले. पण रेयॉनला केस नव्हते. गुळगुळीत धागा रबरातून सुटायचा. त्यासाठी रेसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि रबराचा चीक यांचे एक लुकण शोधावे लागले. दोऱ्याला आधी त्यात बुडवायचे, मग रबरात. हा रेसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड म्हणजे बेकलंडच्या रेझिनचा जवळचा चुलतभाऊ. धाग्याची ताकद कितीही असो, धागा आणि रेझिन यांच्यातली सांधण कच्ची असेल तर ती ताकद वाया जाते, हा धडा टायरवाल्यांनी तेव्हाच गिरवला. वाखवाल्यांना तो पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा शिकावा लागला.

आणि इथे गोष्ट आपल्या खाडीच्या वरच्या अंगाला येते. उल्हास नदी कल्याणवरून खाली येते तीच कोलशेतला खाडी होऊन भेटते. तिच्या काठी, आंबिवलीजवळ मोहोने इथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, लोकांच्या तोंडी ‘एनआरसी’. कंपनी १९४६ची. शहाडला १९५०च्या दशकात सेंच्युरी रेयॉन उभी राहिली; साडीच्या धाग्याबरोबर टायरचा दोराही तिथे निघू लागला. रेयॉनच्या व्हिस्कोज प्रक्रियेला पाणी लागते भरपूर, म्हणून नदीकाठ. लगदा येतो बंदरातून, म्हणून मुंबईजवळ. कल्याणच्या त्या पिढीला टायरचा दोरा म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. शेजारच्या घरातले कोणी ना कोणी पाळीवर असे. खाली ठाण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत वागळे इस्टेटला झाली. कोलशेत-बाळकूमच्या भातखाचरांच्या कडेने सँडोझ, बायर अशा रसायन कंपन्यांच्या भिंती उठल्या. प्लास्टिक, रेझिन, रंग, रबर-रसायने यांचा असा एक सलग पट्टा इथे तयार झाला.

पण तोवर नायलॉन आले होते. सुताहून आणि रेयॉनहून चिवट, पाण्याला न घाबरणारे. आपल्या रस्त्यांवर, दुप्पट माल भरलेल्या ट्रकखाली, नायलॉनच टिकले. रेयॉनचा दोरा नाहीसा झाला असे नाही. वेगवान गाड्यांच्या टायरमध्ये त्याला आजही मान आहे, कारण तापल्यावर तो आक्रसत नाही. तरी राज्य गेले ते गेलेच. एनआरसीत २००९च्या नोव्हेंबरात टाळेबंदी झाली. त्याला कारणे अनेक होती आणि टायरचा दोरा हे त्यातले फार तर एक. मोहोन्याच्या कॉलनीतली ओस पडलेली घरे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

होड्यांत आणि छपरांत वाखाला हरवले ते काचेने. १९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे बारीक अखंड धागे स्वस्तात ओढण्याची पद्धत सापडली आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग कंपनी त्यासाठीच उभी राहिली. १९४०च्या दशकात पॉलिएस्टर रेझिन आले. ते घट्ट होताना वाफ सोडत नाही, म्हणून दाबयंत्र नको. साचा, ब्रश आणि रोलर पुरे. होडी आता एखाद्या शेडखालीही बनू लागली. काचेचा प्रत्येक धागा सारखा. वाखाचा धागा मात्र पावसावर, मातीवर, कापणीच्या दिवसावर आणि कुजवताना किती दिवस पाण्यात ठेवला यावर. एकाच जुडग्यात एक धागा दुसऱ्याच्या दुप्पट ताकदीचा निघतो, आणि इंजिनिअरला हिशेब कमकुवत धाग्याचाच धरावा लागतो.

पण खरा वैरी पाणी. काचेला पाणी नको असते, वनस्पतीला हवे असते. ताग दमट हवेतूनच आपल्या वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी पितो. रेझिनमध्ये बसलेला धागा पाणी पिऊन फुगतो, ऊन लागले की आक्रसतो आणि आक्रसताना रेझिनपासून सुटतो. कापलेल्या कडेवर तर धाग्याची उघडी तोंडे स्ट्रॉसारखी पाणी आत ओढतात. कोकणातल्या एका पावसाळ्यात हे किती वेळा होते ते मोजायला नको. म्हणून कोलशेतच्या होडीत नारळ नाही.

लोखंडी पडद्यापलीकडे मात्र वाख टिकला, आणि त्याचे कारण पुन्हा टंचाई. पूर्व जर्मनीला पत्र्याचे पोलाद मिळत नव्हते. त्यांनी सोव्हिएत रशियातून येणारा टाकाऊ कापूस फिनॉलच्या रेझिनमध्ये दाबून मोटारीचे दरवाजे आणि छत बनवले. झ्विकाऊच्या कारखान्यातून नोव्हेंबर १९५७मध्ये निघालेली ही ट्राबांट १९९१पर्यंत बनत राहिली, ३० लाखांहून अधिक. लोक तिला ‘धावता पुठ्ठा’ म्हणत. तिचे इंजिन धूर ओकायचे, पण पत्रा कधी गंजला नाही. गंमत अशी, की हा गुण शेवटी दोष ठरला. देश एक झाल्यावर लाखो ट्राबांट भंगारात निघाल्या, आणि तो पत्रा ना वितळे, ना गंजे, ना कुजे. वनस्पतीच्या धाग्याचे प्लास्टिक म्हणजे पर्यावरणाला आपसूक चांगले, असे म्हणणाऱ्याला ट्राबांटचे दार दाखवावे.

आपल्याकडे गणित उलटे होते. टंचाई नव्हती, माल पडून होता. फाळणीने तागाची शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कोलकात्यात राहिल्या. ती घडी बसते न बसते तोच पॉलिप्रॉपिलीनचे पोते आले, हलके, स्वस्त, न कुजणारे. १९८७ साली सरकारला कायदाच करावा लागला, की अमुक माल तागाच्याच पोत्यात भरा. कोकण-केरळच्या काथ्याचीही तीच गत. पायपुसणी आणि गाद्या किती खपणार? मग तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात के. जी. सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काथ्या, केळीचा धागा, घायपात पॉलिएस्टरमध्ये घालून वस्तू केल्या: हेल्मेट, छपराचा पत्रा, टपालपेटी, व्होल्टेज स्टॅबिलायझरचे खोके. स्टॅबिलायझरचे खोके! त्या दशकातले भारतीय घर एका वस्तूत आले. त्यांनी धाग्यांचे मोजमाप फार काळजीने केले आणि जगभरच्या संशोधकांनी त्यांचे आकडे पुढे वापरले. बाजारात मात्र त्या वस्तू दिसल्या नाहीत.

सांध्याचा प्रश्न सुटला तो त्यानंतर. पॉलिप्रॉपिलीन तेलासारखे, सेल्युलोज पाण्यासारखे, दोघांचे जमेना. तेव्हा पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीला मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे कलम केले गेले. त्याचे एक टोक धाग्याला धरते, उरलेली साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. शेकडा दोन-चार भाग मिसळला की पुरे, ताकद लक्षात येण्याइतकी वाढते. त्याआधी धागा कॉस्टिक सोड्यात धुवून त्यावरचे मेण काढले, तर आणखी चांगले. एक बंधन मात्र निसर्गानेच घातले आहे. २०० अंशांच्या पुढे वाख करपू लागतो. पॉलिप्रॉपिलीन १७० अंशांच्या आसपास वितळते म्हणून ते जुळते. नायलॉन त्याहून बरेच गरम लागते, तिथे वाखाची राखच व्हायची. जो पदार्थ तागाच्या पोत्याच्या मुळावर उठला, त्याच्याच पोटात तागाला जागा मिळाली.

१९९०च्या दशकात जर्मन मोटारींनी ही जागा वापरली. १९९६ साली मर्सिडीजच्या ई-क्लासच्या दाराच्या आतल्या पॅनलमध्ये तागाचा धागा आला. मग २००० साली युरोपीय संघाने भंगार गाड्यांबाबत नियम केला, की २०१५पर्यंत गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुन्हा कामी आला पाहिजे. काच जाळली तर भट्टीत गोळा होऊन राहते, वाख जळून जातो. शिवाय अपघातात त्याची धार हाताला कापत नाही. दाराच्या आतला भाग, कापडाने झाकलेला, पावसापासून सुरक्षित, फार ताकद नको, वजन कमी हवे. वाखाचे सगळे गुण इथे लागतात आणि सगळे दोष झाकले जातात. इतक्या वर्षांनी त्याला लायक काम मिळाले, ते पंखाचे नव्हे तर दाराच्या अस्तराचे.

महाराष्ट्रात या वाटेवर जे सर्वांत चिकाटीने चालले ते माटुंग्याचे कापूस तंत्रज्ञान संशोधन केंद्र, सिरकॉट. १९२४ साली सुताची प्रत मोजण्यासाठी सुरू झालेल्या या प्रयोगशाळेने कापसाच्या पऱ्हाट्यांकडेही लक्ष दिले. वेचणी संपली की विदर्भात-मराठवाड्यात पऱ्हाटी उपटून बांधावर जाळतात किंवा चुलीला लावतात. सिरकॉटने ती कुटून, रेझिनमध्ये दाबून तिचे पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली. शास्त्र कठीण नव्हते. कठीण होते ते पऱ्हाटी गोळा करणे. फुगीर, हलका माल. ट्रकभर नेला तरी वजन थोडे, आणि मिळणार वर्षातून दोन-तीन महिने. वाखाच्या इतिहासात प्रयोगशाळा जिंकते आणि बैलगाडी हरते, असे बरेचदा झाले आहे.

कोलशेत रस्त्यावरच्या भिंती आता पडल्या आहेत. सँडोझने १९९५ साली रसायनांचा धंदा क्लॅरियंट नावाने वेगळा काढला होता. क्लॅरियंटने कोलशेतची सुमारे ८७ एकर जमीन २०१३ साली १,१५४ कोटी रुपयांना विकली. तिथे आता मनोरे आहेत. बायरच्या जागीही तसेच. ज्या पट्ट्यात कधी रसायनांच्या वासावरून पाळी कळायची, तिथे संध्याकाळी बालगाड्या फिरतात.

या मनोऱ्यांत घर ताब्यात आले की सुतार येतो. न्हाणीघराच्या दाराची चौकट लाकडाची नको, पाण्याने फुगते, वाळवी लागते, असे सांगून तो ‘डब्ल्यूपीसी’ सुचवतो. लाकडाचे पीठ आणि पीव्हीसी यांची ती चौकट. इलेक्ट्रिक करवत फिरली की गॅलरीत पिवळट भुसा उडतो. चिमटीत घेतला तर हाताला लाकडासारखा लागतो आणि नाकाला प्लास्टिकसारखा. याँकर्सच्या बेकलंडने रेझिनमध्ये घातले तेच लाकडाचे पीठ, फक्त फिनॉलच्या जागी पीव्हीसी. पीठच आहे, धागा नाही. ताकद त्यातून फारशी येत नाही, आणि चौकटीला ती लागतही नाही. सुतार चौकट भिंतीत बसवतो, फटीत सिलिकॉन भरतो आणि खाली वाकून कापलेल्या कडेवर बोटाने थोडे अ‍ॅराल्डाइट फासतो. कशासाठी, विचारले तर म्हणतो, ‘‘कडेनं पाणी पितं ना साहेब.’’